बाजाराची गोळी

कामिनी सिस्टरचा पेशंटच्या घरच्या घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता. घड्याळ एक तर बंद असतं नाहीतर पुढे असतं, आणि बरोबर चालत असलं तरी त्याच्याकडे बघतं कोण? म्हणून सानगडीकडच्या त्या लहानशा गावात उपकेंद्रावर आली तेव्हापासून तिने गोळ्या घड्याळाला बांधल्या नाहीत, माणसाच्या कामाला बांधल्या. थायरॉइडची गोळी अंगण झाडायच्या आधी. बीपीची सकाळच्या चहाबरोबर. रक्तवाढीची संध्याकाळच्या भातानंतर. म्हातारी माणसं वार विसरतील, तारीख विसरतील, पण चहा विसरलेला माणूस गावात कोणी पाहिला नव्हता. तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी तिला उभं करून हे सगळ्यांना सांगायला लावलं, टाळ्या वाजल्या. कामिनी लाजली, पण मनातून खूश झाली. का होणार नाही? हुशारीच होती ती.

आता हीच हुशारी अंगाशी कशी आली ते ऐका.

गावच्या तलावाकाठी मासोळीवाल्यांचा मोहल्ला आहे. सखाबाई तिथली. नवरा सुखराम आणि मुलगा खेमराज जाळं टाकायचे, आणि मासोळी विकायचं काम सखाबाईचं. बाई तोंडाची फटकळ, भाव एकदा सांगितला की देव आला तरी रुपया कमी करायची नाही. पण दोन वर्षांपासून तिची बोटं आखडायला लागली. सकाळी उठली की मूठ उघडायची नाही. विळीवर मासोळी धरता येईना, टोपलीची कड पकडता येईना. लोक म्हणाले वात आहे, तेल चोळ. तेल चोळून झालं, झाडपाला बांधून झाला. शेवटी कामिनीनेच हट्ट धरला आणि तिला भंडाऱ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टरांनी सांधेवात सांगितला आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. छोटीशी पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. औषध गुणी आहे, पण रोज पोटात गेलं तर अंगातलं रक्त बनणंच बंद पडतं, तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोलून निघतं. हे कामिनीला पक्कं माहीत होतं. म्हणून सून नीतू गोळ्यांची पिशवी घेऊन सासूला उपकेंद्रावर घेऊन आली, तेव्हा कामिनीने दोघींना समोर बसवलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवली.

"मावशी, ही गोळी रोज नाही खायची. हे पहिले ध्यानात ठेवा."

"मंग कवा जी?"

कामिनीला वार सांगता आला असता. पण वार सांगून उपयोग नसतो हा तिचा जुना अनुभव. ती स्वतः दिघोरीच्या धानवाल्या घरची पोरगी. तिच्या लहानपणी आठवडा म्हणजेच बाजार. बाजाराच्या दिवशी मीठ-तेल यायचं, बाजाराच्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालायचे, बाजार झाला की पुन्हा पुढच्या बाजाराची वाट. आठवड्यातून एकदा येणारी याहून पक्की गोष्ट तिला दुसरी ठाऊक नव्हती.

"तुमी बाजाराले जाता ना?"

"जाते ना जी."

"मंग ज्या दिवशी बाजाराले जाल त्या दिवशी ही एक गोळी खाजा. बाजार नाही तं गोळी नाही. आन् एकबी बाजार चुकवू नोका, नाहीतर गुण येणार नाही."

आणि नर्सने करायला पाहिजे तेही तिने केलं. "आता मले सांगा, काय समजलं?"

सखाबाईने शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. "बाजाराले जाईन त्या दिवशी एक. नाई गेली तं नाई. एक बी बाजार चुकवाचा नाई."

"बरोब्बर," कामिनी म्हणाली.

ते दिवस पावसाळ्याचे होते. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर असते, तलाव बंद असतो. जाळी खुंटीवर टांगलेली, टोपल्या पालथ्या. त्या महिन्यांत सखाबाई फक्त सानगडीच्या बाजारात जायची, तेही स्वतःच्या घरचं मीठ-मिरची आणायला. म्हणजे आठवड्यातून एकदाच. गोळीही तशीच एकदाच पोटात गेली, आणि गुण आला. नवरात्रात तिची मूठ उघडली. भंडाऱ्याला दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा उत्तम. दिवाळीच्या फराळाच्या वेळी सखाबाई उपकेंद्रावर आली, हात समोर धरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि हसली. कामिनीलाही हसू आलं. डोळेही भरले, खोटं कशाला सांगा.

दिवाळीनंतर धान कापणी लागली आणि मासेमारी सोसायटीने तलाव खुला केला. सखाबाईने टोपली डोक्यावर घेतली. दोन वर्षं नीतू आणि खेमराज कसंबसं विकत होते, त्यांना ना भाव करता येई ना गिऱ्हाईक राखता येई. आता घरची मालकीण परत आली. मासोळी काही ठेवून चालत नाही, त्यामुळे ज्या गावाचा बाजार असेल त्या गावाला टोपली जाते. आज सानगडी, उद्या दिघोरी, परवा साकोली, मधे लहान खेड्यांचे बाजार. एखादा दिवस जाळी दुरुस्त करायला घरी, बाकी रोज बाजार. पहाटे मासोळी घरी आली की नीतू सासूला चहा द्यायची, आणि चहाबरोबर पिवळी गोळी. सांगितलं होतं तसं.

कामिनीला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. टोपली घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसलेली सखाबाई तिला कितीतरी सकाळी दिसायची, तिने हातही हलवला होता. सखाबाई फिरून मासोळी विकते हे तिला माहीत होतं आणि सखाबाई बाजाराच्या दिवशी गोळी खाते हेही तिला माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्याच डोक्यात राहत होत्या, पण त्यांची एकमेकींशी कधी भेट झाली नव्हती. वर गोळ्या लवकर संपल्या तेव्हा खेमराजने भंडाऱ्याच्या मेडिकलमधून चिठ्ठी दाखवून परत आणल्या. दुकानदाराने दिल्या. त्याला कोण विचारणार?

मग एक दिवस नीतू उपकेंद्रावर आली. "सिस्टरबाई, आत्याबाईचं तोंड आलं. तिखट सोडा, भातबी खाता येऊन नाई राहिला."

तोंड आलं, हे दिवसातून चार जण सांगतात. त्या दिवशी लसीकरणाचा वार होता, बाहेर पोरं रडत होती. कामिनीने बी-कॉम्प्लेक्स दिलं, तोंडाला लावायचं औषध दिलं. तरी तिच्या मनात काहीतरी आलं असावं, कारण तिने विचारलं, "वाताची गोळी बरोबर चालू आहे ना? चुकत नाही ना?"

"नाई जी. तोंड सोललं तरी खाते. एक बी बाजार चुकवत नाई."

"शाब्बास," कामिनी म्हणाली आणि पुढच्या पोराचा दंड धरला.

पुढच्या आठवड्यात सखाबाईला ताप भरला. दंडावर, मांड्यांवर आपोआप काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. खेमराज धावत उपकेंद्रावर आला. कामिनीने डाग पाहिले आणि एकशे आठला फोन लावला. गाडीत ती स्वतः बसली, सखाबाईचं डोकं मांडीवर घेऊन. सखाबाई शुद्धीवर होती पण बोलत नव्हती, तोंड उघडवत नव्हतं तिला. कारध्याचा पूल आला तेव्हा तिने डोळे उघडून नदीकडे पाहिलं आणि परत मिटले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तिला तपासलं. रक्त काढून पाठवलं, औषधांची पिशवी उलटी करून पाहिली. पिवळ्या गोळीचं पाकीट हातात घेतल्यावर तो थांबला.

"ही कधी देता?"

"बाजाराले जाते त्या दिवशी," नीतू म्हणाली.

"बाजाराला कधी जाते?"

"रोजच जाते जी. मासोळी विकते ना."

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली, काळजाचा ठोका चुकला. कामिनीचं तसं काही झालं नाही. जमीन जिथल्या तिथे होती, भिंतीवर पंखा होता, पंख्याला जाळं लागलेलं होतं. तिला फक्त एवढंच कळलं की आता सगळं कळलं आहे. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर दात उपटतात तेव्हा ओढ कळते आणि दुखत नाही, तसं काहीतरी.

डॉक्टरने मान हलवली. "यांना सांगूनही समजत नाही. आठवड्याची गोळी रोज खाल्ली." तो नीतूकडे बघत होता. खेमराजही बायकोकडे बघत होता. नीतूने मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली.

"त्यांना बरोबर समजलं होतं," कामिनी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "मी सांगितलं होतं बाजाराच्या दिवशी घ्या म्हणून. त्या रोज जातात. माझी चूक आहे."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "ते आता राहू द्या, सिस्टर. आधी पेशंट बघू," एवढंच म्हणाला आणि उतारा सुरू केला.

या औषधाला उतारा असतो, तो शिरेतून देतात. पण उतारा दिला म्हणजे मोकळं झालं असं नाही. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. त्या वाढल्या तर सखाबाई वाचणार होती, नाही वाढल्या तर साधी सर्दीही तिला घेऊन जाणार होती. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, दारात चपला काढायच्या, तोंडाला मास्क लावायचा. रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी आकडा यायचा. सगळं घर त्या आकड्याची वाट बघायचं.

कामिनी रोज उपकेंद्राचं काम उरकून बसने भंडाऱ्याला यायची. गरोदर बायांची वजनं घेतली, पोरांना डोस दिले, डबा खाल्ला. डब्यात काय होतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिने मागे गोळ्या दिलेल्या सगळ्यांची घरं पालथी घातली. तुम्ही चहा दिवसातून किती वेळा पिता? अंगण एकदाच झाडता की दोनदा? लोकांना गंमत वाटली. एक म्हातारी म्हणाली, सिस्टरबाई, आता तुमी आमच्या घरची झाडझूडबी सरकारात लिहान का? कामिनी हसली. हसायचं असतं हे तिच्या लक्षात होतं. रात्री आडवी झाली की झोपही लागायची. रडू येईल म्हणून ती वाट बघायची आणि ते यायचं नाही. आपल्याला काही वाटत कसं नाही, याचीच तिला थोडी भीती वाटली, पण ती भीतीही लांबून वाटली.

सुखरामला तिने दवाखान्याच्या ओट्यावर गाठलं. म्हातारा उकिडवा बसला होता. मुलाने त्याला काय सांगितलं आणि काय नाही ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाजार, गोळी, तोंड आलं तेव्हाचं बी-कॉम्प्लेक्स, आणि आपण म्हटलेलं शाब्बास. काही गाळलं नाही.

सुखरामने ऐकून घेतलं.

"तुमी तं बराबरच सांगतलं होतं, बाई," तो म्हणाला. "आमचंच जिनं तसं हाये. रोजचा बाजार. तुमचा काय दोष?"

"बाबाजी, माझाच दोष आहे. मी विचारायला पाहिजे होतं."

"तिचे हात तुमीच मोकळे केले. दोन वर्सं मी तिले घास भरवत होतो." तो उठला. "चहा घेता का? सकाळपासून काही खाल्लं नसान तुमी."

आणि त्याने तिला चहा पाजला. शिव्या घातल्या असत्या तर ती खाली मान घालून उभी राहिली असती. तिची तयारी होती, बसमध्ये रोज ती त्याच शिव्यांची तयारी करत यायची. चहाची तयारी तिने केली नव्हती. कप हातात धरून ती उभी राहिली आणि चहा निवून गेला.

नीतूने मात्र माफबिफ केलं नाही. खोलीच्या दाराशी कामिनी चपला काढत होती, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी डॉक्टरसमोर बोलल्या म्हणून बरं झालं. नाईतर मले घरात ठेवलं नसतं. पन तोंड आलं तवा मी आली होती ना तुमच्याकडं. मी आली होती." एवढं बोलून ती आत गेली. सगळ्या दिवसांत कामिनीला तेवढं एक वाक्य नीट ऐकू आलं.

दुसऱ्या आठवड्यात आकडा वर सरकला. मग आणखी वर. ताप उतरला, तोंडातली सालं गेली, सखाबाईने पातळ पेज गिळली. खेमराजने पेढे आणले, डॉक्टरलाही दिले, कामिनीलाही दिला. तिने खाल्ला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं व्हायला हवं होतं. तिला फक्त इतकंच वाटलं की आता रोज बस पकडावी लागणार नाही.

सखाबाई घरी आली. आणि झालं ते व्हायचंच होतं. पिवळी गोळी बंद, त्यामुळे वात परत उठला. आधी मनगटं सुजली, मग बोटं वळली. होळीपर्यंत मूठ पुन्हा बंद झाली. टोपली परत नीतूच्या डोक्यावर गेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दुसरं औषध लिहून दिलं. हे साधं होतं, रोज एक घ्यायचं, मधून डोळे तपासून घ्यायचे की झालं. त्याने रक्त बनणं थांबत नाही. पण गुण यायचा तर ते रोज आणि महिनोन्महिने घ्यायला पाहिजे. पाकीट घरी आलं, फळीवर ठेवलं गेलं आणि तसंच राहिलं. नीतूने सांगून पाहिलं, खेमराजने रागावून पाहिलं. सखाबाई ऐकेना. शेवटी खेमराज उपकेंद्रावर आला. म्हणाला, सिस्टरबाई, ते तुमचंच ऐकते. एकदा येऊन सांगून द्या.

कामिनी गेली. दुपारची वेळ होती. सखाबाई ओसरीवर बाजेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. केस निम्मे गळून गेले होते. समोर नीतू विळीवर मासोळी कापत होती. कामिनीला बघताच सखाबाईने सरकून जागा केली, तिला जवळ बसवलं. नीतूने पाणी आणून ठेवलं आणि परत विळीवर बसली.

"कशा आहा, मावशी?"

"बरी हाये. जेवण जाते." तिने हाताकडे मान केली. "हे असे झाले."

कामिनीने फळीवरचं पाकीट काढून आणलं. गोळी पांढरी होती, मोठी होती. तिने ठरवून ठेवलं होतं काय सांगायचं ते. हे औषध वेगळं आहे. हे रोजच घ्यायचं आहे. बाजार असो नसो, सण असो नसो, दर दिवशी एक. यात चूक व्हायला जागाच नाही. वाक्यं सरळ होती, तिने बसमध्ये नाही, रस्त्याने चालता चालता जुळवली होती.

"मावशी, ही गोळी..."

सखाबाईने आपला वळलेला हात उचलून कामिनीच्या मनगटावर ठेवला. बोटांना धरता येत नव्हतं, नुसता वजनासारखा ठेवला.

"नोका सांगू," ती म्हणाली.

"ही तशी नाही, मावशी. ही चांगली आहे."

"असन. तेबी चांगलीच होती." सखाबाईच्या आवाजात राग नव्हता. फटकळ बाई इतक्या हळू बोलू शकते हे कामिनीला माहीत नव्हतं. "हे लोक सांगतेत तं मी नाई म्हनते. नवऱ्याले नाई म्हनते, पोराले नाई म्हनते, डॉक्टरलेबी म्हनलं. तुमाले म्हनता येत नाई मले. तुमी सांगान तं मी खाईन. म्हनून तुमी नोका सांगू, बाई."

विळीवरचा आवाज थांबला होता. नीतू वर बघत होती.

कामिनीने तोंड उघडलं. वाक्यं तयार होती, खरी होती, आणि ती बोलली असती तर सखाबाईने त्याच क्षणी गोळी गिळली असती, एकदाही न विचारता. हात मोकळे झाले असते, टोपली परत डोक्यावर गेली असती.

ती बसून राहिली. पाकीट हातात होतं आणि मनगटावर तो हात होता, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिला काहीतरी दुखलं. कुठे ते सांगता आलं नसतं, पण दुखलं, चांगलंच दुखलं. तिने गोळी पाकिटातून काढली नाही आणि काही सांगितलंही नाही. सखाबाईने तिचं मनगट सोडलं नाही. थोड्या वेळाने नीतू पुन्हा मासोळी कापायला लागली.